यंत्रानं शब्द मागे घ्यावा

आत्या डोळा दाखवायला गेली होती, ती डोळा न दाखवताच परत आली. चपला दाराच्या मधोमध काढल्या, पर्स टेबलावर आपटली आणि खुर्चीत बसून म्हणाली, "मला अवैध ठरवलंय."

आई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कुणी?"

"मशीननं."

धाकटीला आधी हसूच आलं. ती संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. थोरली बहीण लग्न होऊन परगावी गेली, तरी घरात आणि जिन्यावर हिचं नाव धाकटीच राहिलं होतं. पण आत्याचा चेहरा पाहून तिनं हसू गिळलं. त्या चेहऱ्यावर राग असता तर चाललं असतं. तिथं अपमान होता, आणि आत्याला अपमानाची सवय नव्हती.

झालं होतं ते असं. डोळ्यांच्या दवाखान्यातली चौकशीची खिडकी बंद करून तिथं माणसाच्या उंचीचं एक यंत्र उभं केलं होतं. काचेवर बोट टेकवून नाव, जन्मवर्ष आणि फोन नंबर घालायचा, की चिठ्ठी बाहेर येते. चिठ्ठीवरच्या नंबराच्या क्रमानं नाव पुकारून आत बोलावतात. आत्यानं नाव घातलं, जन्मवर्ष घातलं आणि घरचा फोन नंबर घातला. घरचा म्हणजे बाहेरच्या खोलीत तिपाईवर ठेवलेल्या वायरवाल्या फोनचा. आत्या मोबाईल वापरत नव्हती. काचेवर लाल अक्षरं आली: अवैध क्रमांक. पुन्हा प्रयत्न करा.

तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अवैध. मागच्या रांगेतून सुस्कारे यायला लागले. दारावरचा रखवालदार म्हणाला, "मावशी, मोबाईल नंबर टाका."

"मोबाईल नाही."

"मग कुणाचा तरी टाका."

"कुणाचा तरी म्हणे!" आत्या आता घरात सगळ्यांना सांगत होती. "डोळा काय कुणाचा तरी आहे? आणि अवैध म्हणजे काय गं? मी काय चोरून फोन घेतलाय? अख्खी नोकरी लोकांना नंबर जोडून देण्यात गेली, आणि माझाच नंबर बेकायदेशीर?"

"अगं, तसा अर्थ नसतो," धाकटी म्हणाली. "इनव्हॅलिडचं भाषांतर केलंय कुणीतरी."

"ज्यानं केलं त्याला अर्थ माहीत नसेल. मला माहीत आहे."

संध्याकाळी बाबा आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीसारखा सोपा मार्ग काढला. "ताई, धाकटीचा नंबर घालून टाकायचा."

"म्हणजे माझ्या डोळ्याचं काय ते हिला कळवणार. ही वर्गात. मग ही संध्याकाळी मला सांगणार, आठवलं तर."

"मग दुसऱ्या दवाखान्यात जाऊ."

"पहिल्या डोळ्याचा मोतीबिंदू ज्यांनी काढला, त्यांनाच दुसरा दाखवायचा. अर्धं घर एका रंगाऱ्यानं रंगवायचं आणि अर्धं दुसऱ्यानं, असं असतं का?"

"मग करायचं काय, ते तरी सांग."

आत्यानं पदर सारखा केला. "त्या यंत्रानं आपला शब्द मागे घ्यावा. त्या दिवशी जाईन."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. आत्याला तो नेमका जागी लागला होता. तिचा डोळा मात्र शब्दासाठी थांबणार नव्हता. चहा कपाऐवजी बशीत पडत होता. शब्दकोडं सोडवताना कागद नाकाला टेकत होता. डॉक्टरांनी मागच्याच वेळी सांगितलं होतं, हा डोळा फार रेंगाळत ठेवू नका.

*

धाकटीचं सगळं शिक्षण दोन माणसांच्या कामाच्या जागी सुरू झालं होतं. तिसरी जागा कॉलेजची, ती फार नंतर आली.

पहिली जागा इमारतींच्या गच्चीवर. बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. ते स्वतः राहायचे ती इमारत बिनलिफ्टची, आणि तिसरा मजला. शेजारच्या काकांचा तो कायमचा विनोद होता: "काय मिस्त्री, चढताय? चढा, चढा, लोकांना उतरवून आलात!" शाळेला सुट्टी असली की बाबा तिला बरोबर न्यायचे. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये तेलाचा आणि तापलेल्या धातूचा वास असायचा, आणि खाली कुणीतरी बटण दाबलं की तिथल्या तारांच्या कपाटात टक्कन आवाज व्हायचा. तिनं एकदा विचारलं होतं, "बाबा, सगळ्यांनी एकदम बोलावलं तर आधी कुणाकडे जायचं हे लिफ्टला कसं कळतं?"

"वर निघाली की वरची कामं उरकायची. वाटेत भेटेल त्याला घ्यायचं. वरचं संपलं की मग खाली वळायचं. तुझी आई बाजारात करते ना, तसंच."

पुढे कॉलेजात, संगणकातली चकती फिरताना तिच्यावरची माहिती कुठल्या क्रमानं वाचायची हे फळ्यावर आलं, तेव्हा ती भर वर्गात हसली. कारण फळ्यावर तिची आई पिशवी घेऊन बाजारातून चालली होती. सरांनी तिला उभं केलं. हसण्याचं कारण सांगितल्यावर सरांनी बसवलंही, पण तेव्हापासून ते तिच्याकडे जरा संशयानंच बघायचे.

दुसरी जागा आत्याच्या टेबलाखाली. आई गणवेशांच्या कारखान्यात काजे-बटणांच्या मशीनवर असायची, म्हणून शाळा सुटली की धाकटी आत्याच्या ऑफिसात जायची. आत्या बोर्डवर बसायची, म्हणजे ऑफिसात येणारा प्रत्येक फोन आधी तिच्या कानात यायचा आणि मग ती तो आत जोडून द्यायची. टेबलाखाली दप्तर उघडून गृहपाठ करता करता धाकटी वरचा आवाज ऐकायची. "साहेब नाहीत" हे वाक्य तिनं तिथं कधी ऐकलं नाही. "साहेब जेवायला उठलेत. नंबर देऊन ठेवता? आल्याबरोबर जोडून देते." किंवा, "ते खातं आता वरच्या मजल्यावर गेलंय, थांबा, मीच पोचवते तुम्हाला." समोरच्याला नकारच मिळायचा, पण फोन ठेवताना तो आभार मानायचा.

मग ऑफिसात आपोआप बोलणारी व्यवस्था आली. यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. बोर्ड निघाला, आत्याची खुर्चीही निघाली. निरोपाच्या दिवशी साहेबांनी आठवण म्हणून काय हवं ते विचारलं, तेव्हा आत्यानं कोठीच्या खोलीत धूळ खात पडलेला जुना संगणक मागितला. लोक चाट पडले. आत्या म्हणाली, "ज्यानं माझी खुर्ची घेतली त्याचा एखादा भाऊबंद आमच्याही घरी असू दे. बघू तरी, त्याला एवढं काय येतं."

बाबांनी तो खांद्यावर घेऊन तीन मजले चढवला. शेजारचे काका जिन्यात होतेच. त्या दिवशी मात्र त्यांनी विनोद न करता दुसऱ्या बाजूनं हात लावला.

तो संगणक सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात आई कणीक भिजवून मोकळी व्हायची. पण त्याच्यावरच धाकटीनं पहिली ओळ लिहिली. आत्या शेजारी शब्दकोडं घेऊन बसायची. आडवे, उभे, दोघी मिळून सोडवायच्या. यंत्र अडलं की पडद्यावर काहीतरी इंग्रजी उमटायचं, आणि आत्या विचारायची, "काय म्हणतंय ते?"

"चुकलं म्हणतंय."

"काय चुकलं?"

"ते नाही सांगत."

"मग बोलतंय कशाला?"

*

शेवटच्या वर्षाला सगळ्यांना पुढे काय करायचंय ते सरांनी विचारलं. कुणाला मोठ्या कंपनीत जायचं होतं, कुणाला परदेशात, एकाला स्वतःची कंपनी काढून मग इतरांना नोकऱ्या द्यायच्या होत्या. धाकटीला जे करायचं होतं त्याला नाव नव्हतं. ती म्हणाली, "सर, यंत्र आणि माणूस एकमेकांशी जिथं बोलतात, तिथं मला बसायचंय."

"म्हणजे रिसेप्शनिस्ट?"

वर्ग हसला.

"हो सर," ती म्हणाली. "साधारण तसंच."

आणि आता तिनं प्रकल्पाचा विषय दिला: दवाखान्यातल्या यंत्राची भाषा. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "दोन शब्द बदलायचे, हा वर्षाचा प्रकल्प? हा तर चहाच्या आधी संपेल. शिवाय हे भाषेच्या विभागाचं काम. तो समोरच्या इमारतीत आहे."

"सर, माझ्या आत्याचा डोळा अडलाय त्या शब्दापाशी."

 सरांनी चष्मा खाली घेतला. "ते यंत्र बनवणारा मुलगा माझाच विद्यार्थी. फोन करतो. पण महिन्याभरात मला यात संगणकशास्त्र दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर विषय बदलायचा."

जोडीला तिची मैत्रीण होती. ती अखंड बोलायची म्हणून वर्गानं तिचं नाव मौनी ठेवलं होतं. मौनीची बोटं तोंडाहून वेगानं चालत, म्हणून बोलणं सगळे चालवून घेत.

यंत्र बनवणाऱ्याचं ऑफिस फरशीच्या दुकानाच्या वर, दोन टेबलांचं. तो स्वतः तरुण, दाढी वाढलेला आणि झोप अपुरी असलेला. आत्याची गोष्ट ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. "मराठी अगदी शेवटी भरलं हो. दवाखान्याला उद्घाटन करायचं होतं. मी शब्दकोश उघडला आणि पहिला शब्द उचलला." एक जादा यंत्र कोपऱ्यात चादर घालून ठेवलं होतं. चादर काढून तो म्हणाला, "हे घ्या. पाहिजे तसं उघडा."

पहिल्या दिवशी धाकटीनं लाल अक्षरं पुसली आणि लिहिलं: हा नंबर बरोबर नाही. कृपया तपासून पुन्हा घाला. संध्याकाळी ते वाक्य तिनं आत्याला वाचून दाखवलं.

"म्हणजे चूक माझीच," आत्या म्हणाली. "फक्त आता गोड बोलून."

दुसऱ्या दिवशी दुसरं वाक्य. "हे तर पत्र झालं. मागची रांग मला मारेल." तिसरं वाक्य. "आजी म्हणतंय का ते मला? काढ ते आधी."

वाक्यं बदलता बदलता धाकटीला हळूहळू कळायला लागलं की गोम वाक्यात नाहीच. यंत्राच्या आत नंबर तपासणारा एक भाग होता. तो नंबर बघायचा आणि फक्त हो किंवा नाही एवढंच वर कळवायचा. अंक कमी असले तरी नाही, जास्त असले तरी नाही, चुकून अक्षर पडलं तरी नाही, काहीच घातलं नाही तरी नाही. का नाही, ते तो जागच्या जागी विसरून जायचा. मग काचेवर बोलणारा भाग बिचारा सांगणार काय? त्याला आतून फक्त मान हलवलेली दिसत होती.

"म्हणजे हा तुझ्या आत्याच्या ऑफिसातला आतला साहेब," मौनी म्हणाली. "नुसता नाही म्हणतो आणि फोन ठेवतो. बोर्डवरच्या बाईनं लोकांना काय सांगायचं? आणि असे साहेब नावाच्या मागे पण बसलेत, जन्मवर्षाच्या मागे पण. सगळ्यांना बोलतं करायचं? मेले मी!"

पण बसली ती. दोघी रोज दुपारी प्रयोगशाळेच्या खिडकीजवळच्या टेबलावर ते यंत्र आतून उसवायच्या. प्रत्येक नकाराला त्याचं कारण बांधून वरपर्यंत पोचवायचं, वाटेत कुठं सांडू द्यायचं नाही, हे काम किचकट होतं. एक कारण वर यायचं तर दुसरं मध्येच हरवायचं. एकदा तर यंत्रानं बरोबर नावालाही "अंक कमी आहेत" असं सुनावलं, आणि मौनी चक्क थोडा वेळ गप्प बसली. एके दिवशी सर मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ वाचत होते. मग त्यांनी खुर्ची ओढली.

"हे कारण इथून वर कसं नेलंत?"

धाकटीनं दाखवलं.

"हं. इथं जरा सोपं करता येईल." आणि सर बाह्या सरसावून बसले. विषय बदलायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

सगळं नीट चालायला लागल्यावर राहिलं ते फक्त आत्याचं वाक्य. आता यंत्राला नेमकं कारण कळत होतं. धाकटीनं लिहिलं: हा घरचा फोन दिसतो. आम्हाला मोबाईल नंबर हवा आहे. तिनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. आणि तिला आत्याचा आवाजच ऐकू आला: कशाला?

ती तडक फरशीच्या दुकानावर गेली. "मोबाईलच का लागतो हो?"

"चिठ्ठीचा नंबर आला की मेसेज जातो ना."

"आणि मेसेज नाही गेला तर?"

त्यानं दाढी खाजवली. "आत नर्स नाव पुकारतेच की."

"मग घरचा नंबर घेतला तर काय बिघडेल?"

 तरुण हसायला लागला. "काहीच नाही. कुणी विचारलंच नाही मला. मीही नाही विचारलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा झाला होता. इतके दिवस ती नकार गोड करत होती, आणि इथं नकाराचीच गरज नव्हती. परतताना तिला स्वतःचं हसू येत होतं. पण वळसा फुकट गेला नव्हता. आतले सगळे साहेब आता बोलत होते.

*

दवाखान्यानं आपल्या यंत्रावर नवी भाषा चालवून बघायला परवानगी दिली. त्या सकाळी आत्यानं ठेवणीतली साडी नेसली. "शब्द मागे घेतलाय ना?"

"तूच बघ."

रांगेत त्यांचा नंबर आला. आत्या काचेपुढे उभी राहिली, चेहरा अगदी जवळ नेला. पण तिनं सरळ मार्गानं जायचं ठरवलेलंच नव्हतं. तिला यंत्राची परीक्षा घ्यायची होती. तिनं नाव न घालताच पुढचं बटण दाबलं.

काचेवर आलं: नाव राहिलं. नावाशिवाय हाक कशी मारणार?

आत्यानं ते मोठ्यानं वाचलं. मागे कुणीतरी हसलं. आता तिला चेव आला. नाव घालून तिनं जन्मवर्ष घातलं, ते मुद्दाम पुढचं.

हे वर्ष अजून यायचं आहे. एकदा पाहता का?

"बघा, यायचंय म्हणे!" आत्या रांगेकडे वळून म्हणाली. "मी अजून जन्मलेलीच नाही."

रांगेत हशा पिकला. एक आजोबा काठी टेकत पुढे आले. "मलाही दाखवा हो, काय काय बोलतं ते." तोच रखवालदार लगबगीनं आला. "मावशी, खेळू नका, मागं लोक आहेत."

"खेळत नाही. तपासतेय."

मग तिनं खरं जन्मवर्ष घातलं, आणि शेवटी घरचा नंबर, एकेक अंक सावकाश दाबत.  काच क्षणभर कोरी राहिली आणि खालून चिठ्ठी आली.

आत्या चिठ्ठी हातात धरून उभीच. "काही बोललं नाही ते."

"बरोबर असलं की काही बोलत नाही."

"आणि माफी?"

धाकटीनं हळूच खांब दाखवला. खांबाजवळ यंत्र बनवणारा तरुण पाणी पीत उभा होता, पहाटेपासून तारा जोडून चुरगळलेला. "यंत्र कसली माफी मागणार, आत्या? शब्द त्यानं घातला होता. त्यानंच काढायला मदत केली. बोलावू?"

आत्यानं डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. किती दिसलं कोण जाणे. "राहू दे. दमलाय पोरगा. काही खाल्लंय का विचार त्याला."

नर्सनं नाव पुकारलं. आत्यानं पर्स धाकटीच्या हातात दिली आणि ती आत गेली.

धाकटीनं तरुणाला विचारलं. त्यानं काही खाल्लं नव्हतं. दोघांनी मिळून बिस्किटांचा पुडा संपवला. तो म्हणाला, "परीक्षा झाली की या आमच्याकडे. दुसऱ्या दवाखान्यांतली दोन यंत्रं अजून तशीच आहेत, आणि बँकेचं एक काम आलंय. टेबल मात्र तिसरं आणावं लागेल."

"कुठल्या कामासाठी म्हणून बोलावताय? म्हणजे त्या जागेला नाव काय?"

"तेही तुम्हीच शोधा. शब्दांचं खातं तुमच्याकडे."

आत्या बाहेर आली ती डोळ्यांत औषध घालून, भिंत चाचपत. "सगळं धूसर झालंय. पण ऑपरेशनची तारीख मिळाली. पुढच्याच आठवड्यात." धाकटीनं तिचा हात धरला. दवाखान्याची लिफ्ट गर्दीनं भरून गेली होती, म्हणून दोघी जिन्यानं उतरायला लागल्या, एकेक पायरी सांभाळत. धाकटीला नोकरीचं सांगायचं होतं. त्याआधी टेबलाखालच्या त्या दुपारांबद्दल, कोठीतून मागून आणलेल्या संगणकाबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. आभार हा शब्द घरात कुणी वापरत नसे. तो उच्चारला असता तर आत्याला परकं वाटलं असतं.

"आत्या," ती म्हणाली, आणि अडली.

आत्यानं मान तिच्या बाजूला कलती केली. "बोल ना. लाईनवर आहे मी."

धाकटीला हसू आलं. मग ती बोलायला लागली, आणि जिना संपला तरी दोघींपैकी कुणी घाई केली नाही.